सात नंबरच्या ढिगातली राजेळी

आमच्या आळीतली माणसं हल्ली लांबलांब फिरून येतात. कोणी दुबईला जातं, कोणी येशूच्या गावाला, कोणी काशीला. आल्यावर फोनमधले फोटो दाखवतात. मी प्रत्येकाला एकच विचारतो, तिथली माती कशी आहे? आजपर्यंत एकाला सांगता आलेलं नाही. मी मात्र तीन दिवस प्रवास केला, वसई तालुक्याच्या बाहेर पाऊलही टाकलं नाही, आणि आलो तो मातीची चव सांगता येईल असा आलो.

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्वदीर्घ नातीने पाहिलंय. तिने दोनतीन ठिकाणी माझी भाषा सभ्य केली होती, ती मी परत होती तशी करून घेतली.

प्रवासाला का निघालो ते आधी सांगतो, नाहीतर म्हातारा उगीच भटकत होता असं वाटेल. आमच्या वाडीच्या पूर्वेच्या अंगाला बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, वाडी शिंपायला खणलेलं. त्याच्या काठच्या पट्टीत माझ्या बापाने लावलेली राजेळी होती. जिच्या केळ्यांची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, होतात ती ही केळ. तशी राजेळी पुष्कळांकडे होती, पण बापाच्या राजेळीची सुकेळी मधात बुडवल्यासारखी व्हायची. बाप सांगून गेला, राजेळी आणि घरातलं भांडण कुंपणाबाहेर जाऊ द्यायचं नाही. मी भांडणाचं पाळलं नाही, राजेळीचं पाळलं. तिचा मुनवा, म्हणजे बुडातून फुटणारं पिल्लू, मी कोणाला दिला नाही. शेजारच्या इनासने तर तीस वर्षं मागितला. दर नाताळला त्याच्या घरून ताट येतं. मी ताट रिकामं करून, धुवून, परत द्यायला जातो. तो विचारतो, "मुनवा?" मी म्हणतो, "नाय." मग पुढच्या नाताळापर्यंत आमचं बरं चालतं.

मग रस्ता आला. मोठ्या महामार्गाला जोडणारा फाटा. माझी ती पट्टीच त्यात गेली. पैसे मिळाले, त्याबद्दल मला लिहायचं नाही. नोटीस आली तेव्हा माझी बायको हिरा म्हणाली, "मुनवे काढून ठेवा."

मी म्हणालो, "एक उपटणार नाही. रस्ता सरकेल, माझी केळ सरकणार नाही."

रस्ता सरकला नाही. एका सकाळी मशीन आलं आणि भाकरीचा पापुद्रा काढावा तशी वरची गुडघाभर माती सोलून, गाड्यांत भरून घेऊन गेलं. केळीचे गड्डे त्यातच. खालची पिवळी चिकणमाती उघडी पडली ती बघवेना. बावखल मुरुमाने बुजवलं. भराव असा बसला की उरलेल्या तुकड्यात आता पावसाचं पाणी तुंबतं. पहिल्याच पावसाळ्यात सुरण सडला, मग हळद. हिरा त्या दिवसांत माझ्याशी फारसं बोलली नाही. बोलली असती तरी बरं झालं असतं.

दीड वर्ष गेलं. दसऱ्याच्या सुमारास रस्त्याचा एक मोजणीवाला आमच्या ओट्यावर पाणी प्यायला बसला. मी त्याला मातीबद्दल चार शब्द ऐकवले. तो म्हणाला, "आजोबा, वरची माती फेकत नाहीत. वेगळी साठवतात. रस्ता झाला की कडेच्या उतारावर परत पसरतात, झाडं लावायला. मोठ्या कामांना तसा नियमच आहे."

माझी चहाची बशी हातातच राहिली. माती जिवंत तर गड्डे जिवंत. केळीचा गड्डा मेलाय असं स्वतः उकरून बघितल्याशिवाय म्हणू नये.

"कुठे साठवलीय?"

ते त्याला ठाऊक नव्हतं.

कुंपणापलीकडून इनासचं डोकं वर आलं. त्याचे कान गावात प्रसिद्ध आहेत. "स्कूटर काढू काय? सापडली तर एक मुनवा माझा."

"मी बसने जाईन," मी म्हटलं.

हिराने आतून विचारलं, "आणाल ठीक. लावाल कुठे? माझ्या डोक्यावर?"

या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं. पुढे तो आडवा आला.

गुरुवार, पाचूबंदर

बाजारात कोणी म्हणालं, काळ्या मातीच्या गाड्या पाचूबंदरला खाली होताना पाहिल्या. म्हणून पहिला दिवस तिकडे. किल्ल्याच्या बाजूने उतरलो की वाऱ्याबरोबर बोंबिलाचा वास येतो. वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील जबडा जबड्यात अडकवून वाळत टाकलेले होते, जशी काय तोरणं. आमच्याकडे दाराला आंब्याची पानं, त्यांच्याकडे आकाशाला बोंबील.

धक्क्याच्या अलीकडे खरंच मातीचा ढीग होता. लांबून काळाही दिसला. मी वाकलो, चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. माती ओळखायची आमची हीच रीत. नाकाला फसवता येतं, जिभेला नाही. ते बांधकामाचं भंगार निघालं. सिमेंट, विटेची भुकटी आणि वर चिखल. मी थुंकत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

"अरे बाबा, माती कशाला खातंस? भूक लागली त सांग ना!"

टोपली शेजारी ठेवून एक कोळीण बसली होती. वयाने माझ्याएवढीच, आवाजाने माझ्या दुप्पट. मी सांगितलं, वाडीवाला आहे, माती शोधतोय. ती हसून हसून डोळे पुसायला लागली.

"वाडीवाला! तुमची जात मी वळखते. चांगली मासली महाग म्हनून भांडनारी गिऱ्हाइकं लय. पन सडकी मासली नीट सडली नाय म्हनून भांडनारे तुमीच!"

हे खरं आहे, नाकारत नाही. आमच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या खताच्या सुक्या मासळीवर जगल्या. जी माणसाच्या उपयोगाची राहिली नाही ती केळीला आणि पानवेलीला. माझा बाप पोतं उघडून नाक आत घालायचा आणि म्हणायचा, "अजून माणसाच्या खायची आहे, मला नको." म्हणजे हिची आई किंवा आजी माझ्या बापाशी भांडलेली असणार. ओळख निघाली म्हणून तिने तळलेल्या मांदेल्या आणि तांदळाची भाकरी पुढे केली. मांदेल्या काट्यासकट खाल्ल्या. आम्ही वाडीत नारळाचं दूध घालून मासळी इतकी सोज्वळ करतो की ती कोण होती ते तीच विसरते. इथे मीठ, मिरची, तेल आणि मासळी जशीच्या तशी.

निघताना मी तिच्याकडून एक पिशवी खताची मासळी घेतली. केळ सापडलीच नव्हती, पण माझा भरवसा होता.

बसमध्ये चढलो. कंडक्टर दोन थांबे काही बोलला नाही. तिसऱ्या थांब्याला एका बाईने पोराच्या नाकावर पदर धरला आणि सगळ्या बसने माझ्याकडे वळून पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो, जसं काय मीही शोधतोय वास कुठून येतो ते. कंडक्टर म्हणाला, "काका, एकतर पिशवी उतरवा, नाहीतर तुम्ही उतरा."

पिशवीला मी एकटी सोडणार नव्हतो. उतरलो. ऊन होतं दसऱ्यानंतरचं, डोक्यावर हातोडी मारणारं. थोडं चाललो असेन, मागून भोंगा. इनास, स्कूटरवर, हेल्मेटच्या आत हसत. वसईत दवाखान्यात आलो होतो म्हणाला. कुठला दवाखाना ते त्याने आजपर्यंत सांगितलेलं नाही.

"बसतो काय?"

"मुनव्याचं काय?"

"एक माझा."

या वयात उन्हातून मासळीची पिशवी आणि अभिमान दोन्ही उचलून चालणं जमत नाही. एक खाली ठेवावं लागतं. मासळी मी ठेवणार नव्हतो.

"दिला," मी म्हटलं, आणि बसलो. इनासने शब्द पक्का करायला छातीवर क्रूस केला. मी खंडोबाची आण घेतली. दोन देव साक्षीला आल्यावर पळवाट राहिली नाही.

शुक्रवार, चिंचोटी

रस्त्याच्या कामाचं ठाणं चिंचोटीच्या बाजूला आहे असं कळलं. पावसाळ्यात इकडे धबधब्याला झुंबड असते. आम्ही गेलो तेव्हा पाहुणे गेले होते आणि त्यांच्या बाटल्या राहिल्या होत्या. डोंगराचा एक गाल खाणीने खाल्लाय. तिथून खडी निघते, ती भरावात जाते. भराव आमच्या वाडीत. म्हणजे मी उभा राहून बघत होतो तो डोंगर अर्धा माझ्या दाराशी आलेला आहे, हे लक्षात आल्यावर मी त्याला हात जोडले. ओळखीचा निघाला.

ठाण्याच्या फाटकावर पाटी होती: पाण्याचा प्रत्येक थेंब वाचवा. पाटीखाली टँकर उभा होता आणि त्याच्या तोटीतून धार लागली होती. मी उतरून तोटी घट्ट केली. पहारेकरी ओरडला, "ओ बाबा, हात लावू नका!"

"मग तू लाव," मी म्हटलं. त्याने लावला नाही, पण मला आत सोडलं.

आत पर्यावरणाच्या मॅडम बसल्या होत्या. तिशीच्या आतबाहेर, सांगलीकडच्या. नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. मी म्हटलं, "माझी माती परत पाहिजे."

मला वाटलं होतं हाकलतील. त्यांनी खुर्ची दिली, गावाचं नाव विचारलं, कॉम्प्युटरवर बोटं चालवली. "तुमच्या पट्ट्यातली माती सात नंबरच्या ढिगात आहे. जूचंद्रच्या यार्डात." कुठल्या दिवशी, किती गाड्या, सगळं लिहिलेलं. माझ्या घरात विळा कुठे ठेवलाय ते सापडत नाही, आणि माझी माती कुठे झोपलीय ते सांगलीच्या मुलीला ठाऊक! मी थोडा नरमलो, पण दाखवलं नाही.

"ढीग उंच केवढा आहे?" मी विचारलं.

"चारपाच मीटर असेल. जागा कमी पडली."

मी इनासकडे बघितलं. इनासने कपाळाला हात लावला. वाडीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. मी म्हटलं, "बाई, माती श्वास घेते. तिला माणसाच्या उंचीपेक्षा जास्त रचली की पोटातली माती कोंडते, आंबते. तुम्ही इडलीचं पीठ उघडं टाकून चार दिवस गावाला जाता काय? मातीचं तसंच होतं. वरची वीतभर राहते चांगली, बाकी मढं."

त्या रागावल्या नाहीत. वही काढून लिहून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "पुस्तकातही ढीग बुटका ठेवायला सांगितलाय, काका. जागा देणाऱ्याने पुस्तक वाचलेलं नाही."

मग त्यांनी सात नंबरचा फोटो दाखवला. त्यांना त्याचा अभिमान होता. म्हणाल्या, सगळ्या ढिगांत हाच हिरवागार, आपोआप हिरवळ आली, धूप नाही, अहवालात त्याचं कौतुक झालं. मी पडद्याला नाक लावलं. ती हिरवळ नव्हती. गवतातून सहासात केळी डोकं वर काढून उभ्या होत्या, आणि पानाच्या देठाच्या कडेला ती लाल रेघ, जी मी अंधारातसुद्धा ओळखेन.

"इनास," मी म्हटलं, आणि पडद्यावर बोट टेकवलं.

इनास म्हणाला, "मॅडम, पाणी द्या त्याला. त्याची माणसं सापडली."

पाणी प्यायलो. मग मॅडमनी बाकीचं सांगितलं. सोमवारी ढीग पसरायला घेणार. त्याआधी वर जे काही उगवलंय ते मशीनने उपटून खड्ड्यात गाडणार. आणि यार्डातून माती, काडी, काहीही बाहेर नेता येत नाही. प्रत्येक गाडी मोजलेली आहे.

"बघता तरी येईल?"

"उद्या मी तिथे तपासणीला आहे. या."

सोमवार तीन दिवसांवर होता. परत येताना स्कूटरवर इनास म्हणाला, "एक माझा हां."

शनिवार, जूचंद्र

जूचंद्रला मी चाळीस वर्षांपूर्वी देवीच्या जत्रेला गेलो होतो. तेव्हा टेकडीवरून खाली भातशेती आणि मिठागरं दिसायची. आता इमारती एकमेकींच्या खांद्यावरून डोकावतात. पण गावाने एक सोडलं नाही, रांगोळी. इथल्या मुली ओट्यावर अशी माणसं काढतात की त्यांना नमस्कार करावासा वाटतो. आमच्याकडे दारात चार ठिपके काढले की झाली दिवाळी.

यार्ड गावाच्या कडेला, पत्र्याच्या कुंपणात. मॅडम आधीच आल्या होत्या आणि सात नंबरच्या पाटीखाली कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. ढीग होता. गवत होतं. केळ एकही नव्हती. जिथे जिथे केळ असायला हवी तिथे ताजे खड्डे, व्यवस्थित गोल, कुदळीने काढलेले.

"सोमवारी येणार होतं ना मशीन?" मी ओरडलो.

"हे मशीनचं काम नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा उतरला होता. त्यांची कौतुकाची हिरवळ गेली होती.

मी गुडघ्यावर बसलो, चिमूट घेतली. जिभेवर ठेवताच बापाचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. खारट नाही, आंबट नाही, शेवटाला किंचित मासळीची कडवट चव. बोटात बारीक काटेही लागले, बोंबिलाचे. माझीच. मग हात कोपरापर्यंत खुपसून आतली काढली. ती आंबली होती, कुबट. मी मॅडमच्या नाकापुढे धरली. त्यांनी हुंगली, वरची हुंगली, परत आतली हुंगली, आणि कोणाला तरी फोन लावून मोठ्याने बोलायला लागल्या की पुढचे ढीग छातीच्या वर जाणार नाहीत, जागा द्या नाहीतर मी सही करणार नाही. बोलता बोलता त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि पाठ तशीच ठेवली. फोन संपल्यावरही.

माझ्याजवळ हिराचा जेवणाचा डबा होता. आतली भाकरी मी इनासच्या हातात दिली आणि डबा वरच्या मातीने भरून झाकण लावलं. एवढ्या मोठ्या रस्त्याच्या कामातून माती परत मिळवणारा मी एकटाच असेन. म्हणून मॅडमचं नाव लिहिलं नाही.

केळी कुठे गेल्या ते इथल्या पहारेकऱ्याने कबूल केलं. गावातल्या बाया आधी पानं मागायला यायच्या, सणाला. मग मुनवे. सोमवारी सगळं गाडणार हे त्यानेच सांगितलं, तर काल सकाळी कुदळी घेऊन आल्या आणि सगळं उचलून नेलं. "गाडण्यापेक्षा बरं ना साहेब?" तो म्हणाला. त्याने कमळाबाईचं घर दाखवलं.

घर सापडायला घराची गरजच पडली नाही. मोरीच्या पाण्यावर परसात चार राजेळ्या लावलेल्या, एक तर जुनी, आधीच नेलेल्या मुनव्याची, लोंगर म्हणजे केळ्यांचा घड धरलेली. मी धावलो. ऐंशीला आलेला माणूस धावतो म्हणजे काय होतं ते सांगत नाही, पण मी धावलो, आणि मागून किंकाळी आली.

"अरे पाय! पाय कुठं ठेवतंस!"

खाली बघितलं. मी मोराच्या मानेवर उभा होतो. तीन दिवस खपून काढलेली रांगोळी, दिवाळीच्या स्पर्धेच्या सरावाची. मोराच्या पिसाऱ्यातून माझे पाय सरळ केळीकडे गेलेले, निळे आणि हिरवे.

कमळाबाई दारात उभी होती. काठी नसतानाही हातात काठी असल्यासारखी. तिची सून मोराकडे बघून रडायच्या बेतात. आमच्याकडे वडीलधाऱ्याला अहोजाहो चालतं. इकडे देवालाही तू आणि मलाही तू. बोलणं लवकर होतं, हा त्याचा फायदा.

"बाय, ही केळ माझी आहे," मी म्हटलं.

"तुजी कशी?"

"त्या ढिगातली माती माझ्या वाडीतली."

"आनि तो ढीग जिच्यावर बसलाय ती जमीन कोनाची? माजी. भात पिकत होता थंय. मागितली तवा म्हनाले, तीन वरसं वापरतो, मंग परत देतो. माज्या जमिनीवर तुजी माती, त्याच्यावर उगवली केळ. आता सांग, केळ कोनाची?"

मी इनासकडे बघितलं. इनासने आकाशाकडे बघितलं. असा प्रश्न आमच्या कोर्टातही कोणी विचारला नसेल.

"बरं, माझी नाही," मी म्हटलं. हे तीन शब्द म्हणायला मला किती वेळ लागला ते इनास अजून सगळ्यांना करून दाखवतो. "एक मुनवा दे."

ती खाली बसली. तिलाही काहीतरी पाहिजे आहे हे मी ओळखलं. मी वाडी केली तशी भाजीही विकली आहे.

"मुनवा देईन," ती म्हणाली. "पन आधी सांग, ही मोठी केळ अशी का? लोंगर धरलाय, पन केली बोटाएवढी. तू वाडीवाला ना? काय करायचं त्ये सांग. खरं सांग. अर्धं सांगून जाशील त तुज्या मागून घरी येन."

बापाने सांगितलं होतं, मुनवा जाऊ देऊ नको. विद्येबद्दल त्याने वेगळं सांगायची गरज मानली नव्हती. आणि इनास, तीस वर्षांचा इनास, हातातली भाकरी चघळत तिथेच उभा, कान कोल्ह्यासारखे.

मी सांगितलं. एका बुंध्याशी तिघीच ठेवायच्या, आई, लेक आणि नात. बाकीचे मुनवे निर्दयपणे काढायचे. तू सगळे वाढवलेस म्हणून आईच्या तोंडचा घास गेला. खताची मासळी बुडाशी घालायची नाही, हातभर लांब, गोल चर काढून, वर माती. बुडाशी घातली की मुळं जळतात. मोरीचं साबणाचं पाणी दुसरीकडे वळव, केळीचा पाय सारखा ओला राहिला की ती सडते. लोंगर पुरतं भरलं की केळफूल खुडून भाजी कर.

"आनि सुकेली?"

"तेही सांगू?"

"मोर कोनी तुडवला?"

तेही सांगितलं. लोंगर पेंढ्यात पिकवायचं, सालं काढून मांडवावर उन्हात टाकायची, ऊन उतरलं की रोज केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून ठेवायची, आठ दिवस. आणि आमच्या घरची शेवटची एक गोष्ट, जी इथेही लिहीत नाही. ती मी तिच्या कानात सांगितली. इनासने स्कूटरची किल्ली पाडल्याचं निमित्त करून जवळ यायचा प्रयत्न केला, पण कमळाबाईने त्याला हाताने लांब सारला. त्या क्षणी ती मला फार आवडली.

तिने तलवारीच्या पातीसारखी अरुंद पानं असलेला मुनवा निवडला, म्हणजे तिला बरंच कळत होतं. गड्ड्यासकट काढला. एकच.

"अजून एक?" इनासने विचारलं.

"बाकीचे गावात बोलून ठेवलेत. पाच घरांत गेलेत, अजून सात जनी मागतात. मी नाय म्हनत नाय कोनाला."

हे ऐकून मला प्रथम राग आला. मग घरं मोजली. पाच आणि सात. माझ्या बापाची केळ बारा परसांत. चाळीस वर्षांत मी जी एका कुंपणापलीकडे जाऊ दिली नाही, ती रस्त्याने दीड वर्षांत गावभर वाटली. सुनेने आम्हाला पाणी दिलं. मी तिला म्हटलं, मोराची मान तशीही जाड झाली होती. तिने ऐकून घेतलं, पण जाताना निरोप घेतला नाही.

घरी

मुनवा एक आणि शब्द दिलेला. सगळ्या वाटेत मी तो मांडीवर धरला होता, इनास पुढे गाडी चालवत होता, आणि आम्ही दोघंही तेच एक गणित सोडवत होतो. खंडोबा आणि येशू काही मध्ये पडले नाहीत.

घरी पोचल्यावर मी सरळ उरलेल्या तुकड्यात गेलो, कुदळ मारली. हातभर खाली पाणी लागलं. दिवाळी तोंडावर आली तरी पाणी. केळीचा पाय असा ओला राहिला की ती सडते, हे मी सकाळीच जूचंद्रला मोठ्या ऐटीत सांगून आलो होतो. हिरा ओट्यावर उभी राहून बघत होती. "माझ्या डोक्यावर" हे तिने परत म्हटलं असतं तर मी हट्टाने तिथेच लावला असता.

मी मुनवा उचलला, मासळीची पिशवी उचलली, डबा उचलला आणि कुंपणाच्या फटीतून इनासच्या वाडीत गेलो. त्याची जमीन उंचावर आहे, रस्ता तिला लागला नाही. खड्डा मी खणला, कारण त्याला खणता येत नाही. गड्ड्याखाली डब्यातली माती घातली. मासळी हातभर लांब. इनासने पाणी घातलं, जरा जास्तच, त्यावरून बोललो.

आता तिला पाचवं पान आलंय, देठाला लाल रेघ. मी रोज सकाळी तिकडे जातो आणि इनास काय काय चुकतोय ते सांगतो. पुढच्या पावसाआधी भरावाखालून पाणी काढायला नळ टाकू असं रस्त्यावाल्यांनी लिहून दिलंय, मॅडमनी मागे लागून. नळ पडला की माझा तुकडा सुकेल. म्हणून काल मी इनासला सहज म्हटलं, "हिला पहिला मुनवा फुटेल तो माझा."

इनास बुंध्याभोवतीची माती चेपत होता. त्याने वर न बघता विचारलं, "मुनवा?"

मी म्हटलं, "हो."

"नाय," इनास म्हणाला.

बापाची आठवण आली. राजेळी ज्याच्या वाडीत आहे त्याने असंच बोलायला पाहिजे, नाहीतर ती टिकत नाही. माझी खात्री पटली की केळ योग्य हातात आहे. घरी येऊन हिराला सांगितलं, यंदा नाताळला आपल्याकडून त्यांच्याकडे ताट गेलं पाहिजे. करंज्या कर, चांगल्या भरून. तो ताट रिकामं करून, धुवून, परत द्यायला येईल, तेव्हा मी विचारेन. तो नाय म्हणेल. पुढच्या वर्षी परत विचारेन. त्याला तीस वर्षं लागली होती. मी ऐंशीला आलोय, पण घाई असल्याचं मी त्याला कळू देणार नाही.